वाचक विचारतात : आणे, पायली आणि एक जून

प्रश्न : माझे सासरे १९४७ चे, सासूबाई १९५१ च्या. दोघांचं बालपण पेठेतल्या वाड्यात गेलं. आजेसासूबाईंच्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्या आहेत. त्यात ‘साखर ०-१०-६’, ‘तांदूळ २ पायली’ अशा नोंदी आहेत. दोघांना आठवणी भरपूर आहेत, पण सालं आठवत नाहीत. हे सगळं नीट लिहून कसं काढावं?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : आधी वह्या वाचा, मग प्रश्न विचारा. महायुद्ध संपल्यावर जन्मलेल्या या पिढीच्या घरात पैसा कसा फिरत होता, हे वह्याच सांगतात.

०-१०-६ म्हणजे शून्य रुपये, दहा आणे, सहा पै. बारा पै म्हणजे एक आणा आणि सोळा आणे म्हणजे रुपया. म्हणून हे साडेदहा आणे झाले, आजच्या हिशेबाने सुमारे ६६ पैसे. आण्यांना सव्वासहाने गुणलं की पैसे मिळतात. नेहमी होणारी चूक अशी, की ३-८-६ हे लोक ३ रुपये ८६ पैसे असं वाचतात. ते आहेत ३ रुपये ५३ पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधीच्या वहीत ‘पैसा’ असेल, तर तो रुपयाचा चौसष्टावा भाग. त्यानंतर काही वर्षं जुनी आणि नवी नाणी बरोबरच चालली, म्हणून १९६४ पर्यंत ‘नवा पैसा’ असं वेगळं म्हणत. एक गोष्ट जपा : सासूबाई ‘चार आण्यांत वही मिळायची’ म्हणाल्या, तर लगेच १९५७ च्या आधीचं साल टाकू नका. पंचवीस पैशांना ‘चार आणे’ म्हणणं पुढे कितीतरी वर्षं चालूच होतं.

पायली हे माप आहे, वजन नाही. चार शेरांची एक पायली, चार चिपट्यांचा एक शेर. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर बाजरी यांचं वजन सारखं भरत नाही, त्यामुळे त्याचे किलो करायला जाऊ नका. वजनाचा पक्का शेर वेगळा, ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. वहीत कुठला शेर आहे हे जिन्नसावरून ओळखा. धान्य बहुधा मापाने घेत, तूप-साखर वजनाने.

सालासाठी खुंट्या ठोकून घ्या. पुण्यात पहिली खुंटी १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. ‘हे पुराआधी की नंतर?’ एवढं विचारलं, तरी अर्ध्या आठवणी जागेवर बसतात. दुसरी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. तिसरी, १९७२ चा दुष्काळ. त्यानंतर १९७३ मध्ये सिंहगडावरून दूरदर्शन दिसू लागलं. शिक्षणाच्या गोष्टी असतील, तर अकरावीची एस.एस.सी. की दहावीची, हे विचारा. दहावीची पहिली परीक्षा १९७५ ची.

‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारलं, की ‘छान होतं, माणसं प्रेमळ होती’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी नळ किती बिऱ्हाडांत होता, रात्री कोण कुठे झोपायचं, विटाळशी बाई कुठे बसायची, बाहेरच्या कामकऱ्याला पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचे, आणि सासूबाईंनी नोकरी केली असेल तर पहिला पगार कोणाच्या हातात दिला, हे विचारा. खरा बदल याच उत्तरांत सापडतो. दोघांना वेगवेगळं बसवा. एकत्र बसले, की एकच बोलतो आणि दुसरा दुरुस्त्या करतो.

प्रश्न : वडील, दोन काका आणि आत्या, सगळ्यांचा वाढदिवस १ जून. खरी तारीख कशी काढावी?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : जन्माची नोंद नसली, की गुरुजी वय बसेल असं साल धरून १ जून लिहीत, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. दाखल्याला हात लावू नका. नोकरी, पेन्शन सगळं त्यावरच उभं असतं. घरापुरती तारीख हवी असेल, तर जन्मटिपण, म्हणजे जन्माची तिथी, वार आणि शक लिहिलेला कागद, शोधा. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. शके १८७० चा आश्विन म्हणजे १९४८, त्याच शकातला माघ म्हणजे १९४९. तिथी वद्य पक्षातली असेल, तर मराठी पंचांगच पाहा. उत्तरेकडच्या पंचांगात वद्य पक्ष आधी येतो, म्हणून त्याच नावाचा महिना धरला तर तारीख महिनाभर आधीची निघते. शेवटी वार जुळतो का पाहा. पहाटे सूर्योदयाआधीचा जन्म असेल, तर टिपणात बहुधा आदल्या दिवसाचा वार असतो.

प्रश्न : आजोबा शिरूर तालुक्यात कूळ होते, मग मालक झाले, एवढंच घरात सांगतात. याचा कागद मिळेल का?
– एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषकदिन. त्या दिवशी स्वतः कसणारं कूळ मालक मानलं गेलं, मात्र मालकी पक्की व्हायला किंमत भरावी लागे. कलम ३२-ग खाली सुनावणी होऊन किंमत ठरे आणि ती भरल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र मिळे. जुन्या सातबाऱ्यावर फेरफाराचे, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदींचे, क्रमांक असतात. ते उतरवून घ्या आणि तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात त्या फेरफारांच्या नकला मागा. जमीन मालक विधवा, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) किंवा सैन्यात असेल, तर कुळाचा हक्क पुढे ढकलला जाई. त्यामुळे १९५७ च्या आसपास काही सापडलं नाही, तर साठच्या आणि सत्तरच्या दशकातले फेरफारही पाहा. ‘कुळाने राजीखुशीने जमीन सोडली’ अशी नोंद दिसली, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. जमीन खरंच सोडली होती की दबावाने अंगठा घेतला होता, हे आजीला किंवा गावातल्या वयस्कर माणसांना विचारा, आणि त्यांचं सांगणं त्या नकलेबरोबरच लिहून ठेवा.