ब्लेअर मॅग्नेटसाठी घर कुठे घ्यावं?

मुलगी सातवीत, लवकरच पुण्याहून मेरीलँडला बदली, आणि मॉन्टगोमेरी ब्लेअर हायस्कूलच्या सायन्स-मॅथ्स मॅग्नेटसाठी, म्हणजे निवडक मुलांच्या खास अभ्यासक्रमासाठी, सिल्व्हर स्प्रिंगमध्येच घर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. ब्लेअरच्या हद्दीत घर घेतलं की ब्लेअर मिळतं, मॅग्नेट मिळत नाही. त्यासाठी आठवीत वेगळा अर्ज करायचा, आणि वर्षाला जेमतेम शंभरेक मुलं घेतात. राहायला मॉन्टगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) मात्र हवंच. आतापर्यंत काउंटीच्या दक्षिणेकडची मुलं ब्लेअरला आणि उत्तरेकडची पूल्सव्हिल हायस्कूलच्या मॅग्नेटला अर्ज करत आली आहेत. हे नियम बदलतात, म्हणून शाळेत नाव घातल्या घातल्या काउन्सेलरला गाठा. सरकारी शाळा आहे, फीचा प्रश्न नाही.

क्लास मात्र कृपा करून लावू नका. जेईईच्या तयारीची सवय इथे उपयोगी पडत नाही. पहिली दोन वर्षं गणित, विज्ञान आणि कॉम्प्युटर सायन्स भराभर पुढे सरकतं, हे खरं. पण सगळा भर असतो तो संशोधनावर. आमच्या लेकीने नववीत एक प्रयोग मांडला आणि तिचा अंदाज साफ चुकला. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी विचारलं, मोजमाप किती वेळा घेतलंस? आलेखातले हे तीन बिंदू का गाळलेस? रात्री जेवताना पोरगी त्या तीन बिंदूंवरच बोलत होती! पुढे कीटकशास्त्रापासून क्वांटम फिजिक्सपर्यंत निवडीचे विषय असतात. अकरावीनंतरच्या सुट्टीत बरीच मुलं एनआयएच (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) किंवा मेरीलँड विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत काम करतात आणि बारावीत त्यावर प्रकल्प लिहितात.

एक गोष्ट आपले पालक सहसा विचारत नाहीत. मॅग्नेट ही वेगळी शाळा नाही. ब्लेअरमध्ये तीन हजारांच्या आसपास मुलं आहेत, आणि 1985मध्ये मॅग्नेट तिथे सुरू करण्यामागे वेगवेगळ्या वंशांची मुलं एका छताखाली यावीत हाही हेतू होता. ऑर्केस्ट्रा, खेळ, शाळेचं वर्तमानपत्र, जेवणाची सुट्टी, सगळं सगळ्यांबरोबर. मला स्वतःला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तेव्हा घर ऑफिसच्या सोयीने घ्या, फक्त शाळेची बस कुठून सुटते ते आधी विचारा. शाळा पावणेआठला भरते आणि हिवाळ्यात बससाठी निघताना नीट उजाडलेलंही नसतं. निवड नाहीच झाली, तरी काउंटीतल्या बाकीच्या हायस्कूलांतही कॅल्क्युलस आणि एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचं) फिजिक्स शिकवतात.