गेम कंट्रोलरची स्टिक सोडली तरी गेममधला खेळाडू आपोआप चालतो. घरी काय करता येईल?

याला स्टिक ड्रिफ्ट म्हणतात. पीएस 5 (प्लेस्टेशन 5) चा ड्युअलसेन्स कंट्रोलर धरून उत्तर देत आहे.

आधी रीसेट करा, फुकटचं काम. कन्सोल पूर्ण बंद करा, कंट्रोलरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून आतलं बटण 5 सेकंद दाबा. मग यूएसबी केबल जोडून पीएस बटण दाबा. केबल डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने पेअरिंग (कंट्रोलर आणि कन्सोलची जोडणी) होत नाही आणि दोष मात्र कंट्रोलरला लागतो.

तरीही तेच? मग धूळ किंवा झीज. स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर (स्टिक किती कलली ते मोजणारे भाग) असतात, आडव्या आणि उभ्या हालचालीसाठी. कार्बनच्या पट्टीवर धातूची छोटी जीभ घासत फिरते. तिथे भुकटी साचली की स्टिक मधोमध असूनही कललेली भासते. कंट्रोलर बंद ठेवून स्टिक एका बाजूला कलती करा, फटीत 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे 2-3 थेंब सोडा, स्टिक 30-40 वेळा गोल फिरवा, अर्धा तास वाळू द्या. सॅनिटायझर अजिबात नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

पट्टीच झिजली असेल तर त्रास थोड्या दिवसांत परत येतो. तोवर गेममध्ये डेडझोन (मधल्या ज्या भागातली स्टिकची हालचाल गेम धरत नाही तो) वाढवून भागवा. स्टिकचं मॉड्यूल (अख्खा सुटा भाग) बदलायला सोल्डरचे 14 टाके सोडवावे लागतात. नवख्या हाताने बोर्डाचे पॅड (टाके बसतात ते धातूचे ठिपके) उखडतात, त्यामुळे सोल्डरिंग येणाऱ्याकडेच द्या. बदलायचंच तर हॉल इफेक्टचं मॉड्यूल घ्या, त्यात चुंबक असतो, घासणं नाही. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका.