चौथीच्या वर्गात ‘म्युझिक थेरपी’ कशी सुरू करावी?

तुमच्या वर्गात ४५ मुलं, तास ३५ मिनिटांचा, मधल्या सुट्टीनंतर धक्काबुक्की, संगीत शिक्षक नाही आणि मुख्याध्यापक म्हणतात ‘म्युझिक थेरपी’ सुरू करा. आधी फलकावरून ‘थेरपी’ हा शब्द काढा. प्रशिक्षित थेरपिस्ट एखाद्या मुलाची गरज तपासून, उद्दिष्ट ठरवून जे काम करतो त्याला थेरपी म्हणतात. तुम्ही घेणार तो भावनिक-सामाजिक शिक्षणाचा तास. तोही कमी मोलाचा नाही, पण पालकांना भलती आशा लावू नका. अमुक राग ऐकवला की चिडकेपणा जातो, या तक्त्यांच्या नादीही लागू नका.

धावून, घामाघूम होऊन आलेल्या मुलांना डोळे मिटून बासरी ऐकायला सांगितलं की खुसखुस सुरू होते. मुलं ज्या लयीत आहेत तिथूनच उचला. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं अ‍ॅप) घ्या: मिनिटाला १२० ठोक्यांवर टाळ्या, मग १०५, ९०, ७५, प्रत्येक टप्पा साधारण मिनिटभर. विलंबित (संथ) लय मुलांना अवघड जाते, ती पळायला लागतात. तेव्हा दोन टाळ्यांच्या मध्ये हळूच ‘आणि’ म्हणायला लावा. ७० च्या खाली जाऊच नका.

मग केरवा या तालाच्या आठ मात्रा, म्हणजे आठ ठोके. पहिली मांडीवर, बाकीच्या टाळीने. लय बसली की आठवी मात्रा गाळायची, नंतर सातवी आणि आठवी, पुढे पाचवीपासून आठवीपर्यंत सगळ्या. हात शिवशिवत असताना थांबणं, हाच इथला खरा धडा. गाळलेल्या मात्रेवर कुणाची टाळी पडली तर त्याला ‘आउट’ करू नका. बाद होणारी मुलं नेमकी तीच असतात ज्यांना या सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे. बाहेर बसवली की ती तिथे वेगळा खेळ सुरू करतात.

जोडीत सवाल-जवाब घ्या. एकाने चार मात्रा वाजवायच्या, दुसऱ्याने हुबेहूब परत करायच्या. जमलं की परतफेडीऐवजी स्वतःचा जवाब. नुकतीच भांडलेली दोघं पहिल्या दोन आठवड्यांत एका जोडीत नकोत. शेवटी एक मूल पुढे येऊन हाताने खुणावेल: तळहात वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू, मूठ म्हणजे थांबा. तासाला पाच जण घेतले तर नऊ तासांत सगळ्यांची पाळी येते. बुजऱ्या मुलाला जोडीदारासोबत येऊ द्या.

वाद्यं दहा-बाराच ठेवा आणि सूचना संपल्यावरच वाटा. बंद खोलीत ४५ टाळ वाजले तर डोकं उठतं. कान झाकणाऱ्या मुलाला दाराजवळ बसवा, त्याच्या हाती तांदूळ घातलेली काडेपेटी द्या. गाणं घेणार असाल तर सा पेटीच्या पांढरी एक किंवा दोन या पट्टीवर धरा आणि सा ते ध एवढ्यात मावणारंच निवडा. पुरुष शिक्षक खालच्या सप्तकात गातात, मुलं तो आवाज गाठायला जातात आणि नुसती घुमतात.

शेवटची पाच मिनिटं बोलण्यासाठी राखा. ती गेली तर उरते फक्त कवायत. ‘कसं वाटलं?’ विचारलंत की एका सुरात ‘छाऽऽन!’ येतं. त्याऐवजी विचारा: थांबायचं होतं तेव्हा अंगात कुठे काय झालं? जोडीदार चुकल्यावर तुम्ही काय केलंत? मुलं सगळ्यालाच ‘राग’ म्हणतात. त्यांना हिरमोड, हेवा, लाज, धास्ती हे शब्द पुरवा. तीच मुठीची खूण मग पाण्याच्या रांगेतही वापरा, नाहीतर शिकलेलं त्या तासापुरतंच राहतं.

कुणी रडू लागलं तर वर्गासमोर कारण विचारू नका, नंतर एकटं भेटा. घरच्या किंवा बाहेरच्या अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा, लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

फरक पडतोय का हे बघायला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यापासून वर्ग जागेवर बसेपर्यंतचे सेकंद वहीत टिपा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आकडा पुन्हा वाढू शकतो. तेव्हा एकच मात्रा गाळण्यापासून परत सुरू करा.