दमट हवा आणि बोटीचं इंजिन

मळभ आलं की इंजिन जड चालतं, असं तू म्हणतोस. बाळा, त्यात तथ्य आहे, पण थोडंच. 30 अंशांच्या दमट हवेत दर 100 लिटरमागे जवळपास 4 लिटर पाण्याची वाफ असते. तेवढी जागा ती अडवते, प्राणवायू कमी पडतो आणि जाळं ओढताना धूर लवकर काळा होतो. खरा चोर मात्र इंजिनघरातली गरमी. तिथली हवा 30 वरून 50 अंशांवर गेली, तर ती 6 टक्क्यांनी विरळ होते. म्हणून आधी वारा खेळता ठेव. इंजिनघराच्या झाकणावर जाळ्यांचा ढीग टाकून बसतात काही जण, आणि मग मेकॅनिकला शिव्या!

टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, असेल तर आफ्टरकूलरकडे, म्हणजे ती दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे बघ. दाबलेल्या हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला फार थंडावा लागत नाही; आपल्या समुद्राचं कोमट पाणीही पुरतं. ते पाणी खाली निचऱ्याच्या भोकातून जायला हवं. मीठ-तेलाच्या राड्याने भोक तुंबलं की पाणी साचतं, आतून गंज चढतो आणि कधी ते थेट सिलिंडरात ओढलं जातं. भोक तारेने मोकळं करत जा. कागदी फिल्टर खाऱ्या तुषारांनी भिजला तर वाळवून परत लावू नकोस, बदलूनच टाक.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हवेचं तोंड आणि सायलेन्सर दोन्ही झाकून ठेव. ऑगस्टात झाकणं काढ, इंजिन आधी हाताने फिरवून बघ, अडलं नाही तरच स्टार्टर मार.