वायर उपटून बघ

प्रिय बाई,

मुलं तुला बाई म्हणतात म्हणून मीही म्हणतोय. पण वयाच्या अधिकाराने पुढे ‘तू’च म्हणणार, चालवून घे. नववीच्या वर्गाला रेल्वेच्या निमित्ताने शोध लावायला शिकवायचं मनात आहे, असं लिहिलंस. आधी एक विनंती. अटल टिंकरिंग लॅबमधून, म्हणजे शाळेतल्या त्या सरकारी योजनेच्या प्रयोगशाळेतून, दरवर्षी बाहेर पडणारं ते ‘स्वयंचलित फाटक’ यंदा नको. सेन्सरसमोर खेळण्यातली गाडी येते, मोटर फिरते, आइस्क्रीमची काडी खाली पडते आणि परीक्षक माना डोलावतात. कंटाळा आलाय मला त्याचा. किंवा असं कर, होऊ दे यंदाही. फक्त मुलं ते दाखवत असताना सेन्सरची वायर उपटून टाक. गाडी येईल, फाटक उघडंच राहील. तुझा तास तिथून सुरू होतो.

खऱ्या इंटरलॉक केलेल्या फाटकावर गोष्ट बरोबर उलटी असते. फाटक बंद होऊन कुलूप पडल्याशिवाय सिग्नल उतरतच नाही, म्हणजे गाडीला पुढे जायची परवानगी मिळतच नाही. गेटमनचा डोळा लागला, वायर तुटली, वीज गेली, तरी सिग्नल लाल. गाडीला उशीर होतो, लोक शिव्या घालतात, पण रस्त्यावरचा माणूस वाचतो. सिग्नल खात्यात आमची उभी हयात एका प्रश्नात गेली: हे बिघडलं तर काय होईल? ‘हे चालेल का’ हा त्याच्या नंतरचा प्रश्न. शाळेत आपण मुलांना फक्त दुसराच विचारायला शिकवतो.

ब्रेकचं बघ. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1869 मध्ये हवेचा ब्रेक काढला. इंजिनातून नळीने हवा सोडायची, ती डब्याखालचे ब्रेक दाबते. चालायचा उत्तम. पण नळी फुटली किंवा डबे तुटून मागे राहिले, की हवा गेली आणि ब्रेकही गेले. नेमके हवे तेव्हाच. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यानेच सगळं उलटं केलं. नळीत दाब कायम भरून ठेवायचा, प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी, आणि नळीतला दाब उतरला की टाकीतल्या हवेने ब्रेक लागायचे. आता नळी फुटली की गाडी आपोआप थांबते. डब्यातली साखळी ओढतो तेव्हा आपणही तो दाबच उतरवत असतो. मुलांना पहिली रचना फळ्यावर काढून दे आणि गप्प बस. दुसरी त्यांना काढू दे. एक तास गेला तर जाऊ दे, पोर्शनची काळजी नंतर कर.

तुझी शाळा कर्जतला, म्हणजे तर सोन्याची खाण. लोणावळ्याहून उतरणाऱ्या घाटात 37 मीटरला 1 मीटर उतार आहे. तिथे ठरलेल्या जागी गाडी पूर्ण थांबवावी लागते, आणि ती थांबेपर्यंत पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) मुख्य मार्गाला लावलेलाच नसतो; तो असतो चढावर जाणाऱ्या कॅच सायडिंगला. ब्रेक धरले नाहीत तर गाडी त्या चढावर जाऊन दमते. कोणी धावत येऊन काही फिरवायची गरज नाही.

करून बघायला ट्रॅक सर्किट घे, म्हणजे रुळावर गाडी आहे की नाही हे रुळांतूनच वीज सोडून ओळखायची युक्ती. विल्यम रॉबिन्सनने 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही जगभर ते रुळांवर आहे. लाकडी फळीवर अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या चिकटव, हे तुझे रूळ. एका टोकाला 9 व्होल्टचा अॅडॅप्टर, दुसऱ्या टोकाला 5 व्होल्टचा रिले, म्हणजे प्रवाह मिळाला की उचलला जाणारा विजेचा स्विच. अॅडॅप्टर आणि रुळाच्या मध्ये 47 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर जोडायला विसरू नकोस, नाहीतर गाडी आली की थेट शॉर्ट. रूळ मोकळे असताना रिलेत प्रवाह जातो, तो उचललेला राहतो, हिरवा दिवा लागतो. गाडीची चाकं आणि आस धातूची हवीत. ती दोन्ही पट्ट्यांवर टेकली की प्रवाह तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, लाल लागतो. ‘टक्’ असा आवाज येतो, मुलांना तो फार आवडेल. आता त्यांना कात्री दे. पट्टी कापली, म्हणजे रूळ तुटला: लाल. अॅडॅप्टर काढला: लाल. लाल दिव्याला मात्र वेगळी बॅटरी ठेव. मग विचार, असं काय केलं तर गाडी उभी असूनही हिरवा राहील? कोणीतरी चाकाला चिकटपट्टी लावेल. त्या मुलाला शाबासकी दे. रुळावरचा गंज आणि चाकावरची घाण ही आमची खरी डोकेदुखी होती.

यानंतर मोठा प्रश्न काढ: साध्या लोकलला बंद होणारी दारं का नाहीत? तुझ्या वर्गात प्रत्येकाच्या घरचं कोणीतरी लोकलने जात असेल. ‘लावा की दारं’ म्हणतील. एसी लोकल 25 डिसेंबर 2017 पासून धावते आहे, तिला आहेतच. मग अडचणी एकेक पुढे कर. एसी नसलेल्या डब्यात दारं बंद झाली तर हवा कुठून? गर्दी एकाच दाराशी अडकली तर? जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडून मेले, त्यानंतर रेल्वेने जो आराखडा जाहीर केला त्यात दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रं आणि डब्याडब्यांमधून ये-जा करायची वाट होती. हे आधी सांगू नकोस.

इथे ‘बिघडलं की गाडी थांबव’ हा माझा लाडका नियमही अडखळतो. दारात बॅग अडकली, दार लागलं नाही, तर गाडी सोडायची का? ‘नाही’ म्हटलं तर ही गाडी थांबली, तिच्यामागच्या थांबल्या, फलाटावर माणूस मावेना, आणि लोक रुळांत उतरून चालू लागले. म्हणजे थांबलेली गाडी सुरक्षितच असते असं नाही. यावर मुलं भांडतील. भांडू दे. माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही.

प्रश्न शोधायला मात्र इंटरनेटवर पाठवू नकोस. रोज रूळ तपासत चालणारा चावीवाला, पॉइंट सांभाळणारा पॉइंट्समन, स्टेशनवर सफाई करणाऱ्या बाई, यांना विचारू दे: रोज काय छळतं? एलायजा मॅककॉय एडिनबर्गला इंजिनिअरिंग शिकून अमेरिकेत आला, पण काळा म्हणून त्याला काम मिळालं इंजिनात कोळसा टाकायचं आणि तेल घालायचं. तेल घालायला गाडी थांबवावी लागायची. 1872 मध्ये त्याने चालत्या इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या कुपीचं पेटंट घेतलं. ऑफिसात बसलेल्यांना तो त्रास दिसलाच नसता.

आणि एक, यात हयगय नको: मुलांना रुळांवर नेऊ नकोस, ‘पाचच मिनिटं’ म्हणूनही नाही. तो गुन्हा आहे आणि लोकलचा आवाज वाटतो त्यापेक्षा उशिरा येतो. स्टेशन मास्तरांना लेखी अर्ज कर, फलाटावरून आणि पादचारी पुलावरून भरपूर दिसतं. पुलावर उभं राहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून लागून ढकलणारी बँकर इंजिनं दाखव.

रिले मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतील; थोडे जास्तच घे, मुलं जाळतात. प्रदर्शनाला मला पाहुणा म्हणून बोलावू नकोस, नारळ-शाल नको. आदल्या दिवशी बोलाव, मॉडेलं मोडायला. पक्कड मी घेऊन येईन.

तुझा,
सिग्नलवाले काका