अल्ट्रासाऊंडने पोटाची चरबी खरंच उतरते का?

चतुर्थी महिन्यावर आलीय आणि म्हापशातलं क्लिनिक 'एका बैठकीत पोट सपाट' म्हणतंय, करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. चतुर्थीसाठी म्हणत असाल तर पैसे ठेवून द्या.

उतरते, पण थोडी. हायफू म्हणतात त्या या उपचारात अल्ट्रासाऊंडच्या लहरी, भिंगातून ऊन एकवटावं तशा, कातडीखाली सव्वाएक सेंटिमीटरवर एकवटतात. तिथलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं, चरबीच्या पेशी मरतात, वरची कातडी शाबूत राहते. मेलेल्या पेशींचा निचरा शरीर सावकाश करतं, ८ ते १२ आठवडे. घेर कमी होतो तो सरासरी इंचभर. वजनकाटा जवळजवळ हलतही नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये लायपोसोनिक्स या मशीनला परवानगी दिली तीही कंबरेच्या घेरासाठी, वजनासाठी नव्हे.

आधी घरीच बघा. उभं राहून बेंबीशेजारची चरबी चिमटीत धरा. इंचभर जाड वळी हातात आली तर विचार करायला हरकत नाही. पोट घागरीसारखं टणक असेल आणि चिमटीत काहीच येत नसेल, तर चरबी आत आतड्यांभोवती आहे. तिथे या लहरींचं काम नाही. रोजचं चालणं आणि ताटातलं शीत कमी करणं, एवढंच.

हर्निया, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर नकोच. दुखतं, काळंनिळंही पडतं. मशीन कोणतं आणि ते डॉक्टर चालवणार की आणखी कोणी, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा.