पोटदुखी शाळेच्या दिवसांपुरती

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातल्या एका खेड्यातले. मुलाच्या शिक्षणासाठी यंदा जूनपासून लातूरला खोली करून राहिलो आहोत. शेतीमुळे याचे वडील येऊन-जाऊन असतात. मुलगा सहावीत असून स्वभावाने पहिल्यापासून घाबरट आहे. दिवाळीच्या सुटीनंतर रोज सकाळी त्याचे पोट दुखते, तो तीन-तीनदा संडासला जातो, रविवारी मात्र ठणठणीत असतो. खोदून विचारल्यावर कळले, की वर्गात एकदा त्याला घाईने संडासला जावे लागले, तेव्हापासून मुले त्याला ‘टमरेल’ म्हणतात. शाळेच्या ऑटोत सातवीची दोन मुले त्याला नीट बसू देत नाहीत आणि डबा काढून घेतात. खेळाच्या सरांनीही एकदा त्याच नावाने हाक मारली. त्याचे वडील म्हणतात, “एक ठेवून दे, आपोआप गप बसतील.” सासूबाई मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढतात. मी गेल्या महिन्यात त्याला नऊ दिवस घरी ठेवले. त्याला परत गावी आजीकडे पाठवावे का?
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, मुलाचे पोट खरोखर दुखते, हे आधी घरातल्या सगळ्यांनी मान्य करावे. मन घाबरले की आतड्यांची हालचालही बदलते आणि कळ येते. त्यात नाटक नसते. तरीही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण ताप, घटणारे वजन, शौचावाटे रक्त किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर दुखण्याचे मूळ वेगळे असू शकते.

बरोबरीच्या मुलांचे भांडण आणि हा प्रकार एक नव्हे. येथे थोराड मुले एकट्याला गाठून तेच ते पुन्हा करत आहेत. अशा वेळी छळ थांबवणे हे मोठ्यांचे काम असते आणि भीती वाटत असतानाही शाळेत जाता येणे, हे मुलाने हळूहळू शिकायचे काम असते. ‘एक ठेवून दे’ म्हणताना आपण पहिले कामही मुलाच्याच गळ्यात टाकतो. त्याचा हात बहुधा उठणार नाही, आणि मग आपल्याला तेवढेही जमले नाही, ही नवी लाज त्याच्या मनात राहील.

मोठ्यांच्या कामाची सुरुवात ऑटोपासून करा. तेथे वर्गशिक्षकांची नजर पोहोचत नाही, म्हणून “जरा लक्ष द्या” एवढी मोघम विनंती वाया जाते. ऑटोवाल्या काकांना भेटून मुलाची जागा रोज त्यांच्या लगतच राहील, असे ठरवून घ्या. कोणत्या तारखेला, कोठे, कोणी, काय केले, हे मुलाच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवा आणि त्या आधारे मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. सरांचा हेतू थट्टेचा असेलही. पण शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि सरांनीच ते नाव उच्चारल्यावर मुलांना कोण अडवणार, हे मुख्याध्यापकांसमोर शांतपणे पण स्पष्ट मांडा. त्या दोन मुलांच्या घरी मात्र भांडायला जाऊ नका. मोठ्यांच्या वादाचा वचपा दुसऱ्या दिवशी ऑटोत निघतो.

आता मुलाकडे वळू. नऊ दिवस घरी ठेवण्यामागची तुमची माया समजते. पण शाळेची वेळ टळली की पोट दुखायचे थांबते, आणि घरी राहणे हाच यावरचा उपाय आहे, असे त्याचे मन दर वेळी अधिक पक्के धरते. ऑटोतल्या जागेची व्यवस्था होताच त्याला रोज पाठवा; पूर्ण दिवस झेपत नसेल, तर शाळेशी बोलून पहिला आठवडा मधल्या सुटीपर्यंतच ठेवा. रात्री अंथरुणावर पडल्यावर चार मोजत श्वास घेणे आणि सहा मोजत सोडणे, याचा सराव करून घ्या. ही गोष्ट आधी निवांतपणी अंगवळणी पडावी लागते, ऐन ऑटोत ती नव्याने सुचत नाही. “मला या नावानं बोलवू नको,” एवढे एकच वाक्य त्याने मान वर करून म्हणावे आणि तेथून काकांकडे किंवा बाईंकडे जावे. याच्या तालमीत दांडगट मुलाचे सोंग वडिलांनी घ्यावे; त्यांच्या सल्ल्यापेक्षा त्यांचा हा अर्धा तास अधिक उपयोगी पडेल. संध्याकाळी दप्तर खाली ठेवण्याआधीच “आज काही झालं का?” असे विचारू नका, शेंगा सोलताना किंवा गाडीवरून जाताना, नजरेला नजर नसते तेव्हा, मुले आपसूक बोलतात. सासूबाईंना दृष्ट काढू द्या, फक्त “लेकरू लईच भित्रं” हे त्याच्या देखत कोणी म्हणू नये.

महिनाभरात फरक पडला नाही, किंवा जेवण-झोप बिघडली, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. तो मरणाची भाषा बोलला, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइनही आहे.

गावी पाठवण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. अर्ज देऊनही शाळेने वर्ष संपेपर्यंत काहीच केले नाही, तर शाळा जरूर बदला. मात्र या शाळेला तुला सांभाळता आले नाही म्हणून आपण ती बदलतो आहोत, तुझे काही चुकले म्हणून नव्हे, हे त्याला वडिलांच्या तोंडून ऐकू द्या.